टवका भरताना हरवणारे अक्षर

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरचा शिव 'एळुत्तरिनाथर', म्हणजे अक्षरे जाणणारा. कावेरीकाठच्या चोळ मंदिरांच्या भिंती या दानपत्रांची दप्तरेच. तंजावरच्या बृहदीश्वरात तर सरफोजी दुसरे यांच्या काळातला, १८०३चा मराठी शिलालेखही आहे. अशा भिंतीचा टवका चुना, दगडाची भुकटी आणि जुळता खनिज रंग यांनी भरता येतो. पोर्टलंड सिमेंट मात्र कठीण. त्यातले क्षार ओलाव्यासोबत शेजारच्या दगडात शिरतात, तेथे त्यांचे स्फटिक होतात आणि कडा फुटतात. १९६४च्या व्हेनिस सनदेनुसार भरणी मूळ वास्तूशी सुसंवादी, तरीही वेगळी ओळखू येणारी हवी. टवका अक्षरावरच उडाला असेल, तर हुबेहूब रंग हाच दोष ठरतो: तेथे अक्षर होते की जागा कोरीच होती, हे पुढच्या वाचकाला कळत नाही.