देखणा मेन्यू की दमदार खेळ?

हातात धरून खेळण्याच्या यंत्राकडून, म्हणजेच हँडहेल्ड कन्सोलकडून, ग्राहकाच्या साधारणतः दोन अपेक्षा असतात. यंत्र सुरू करताच समोर येणारा मेन्यू देखणा, सुटसुटीत आणि झटपट चालणारा असावा, ही पहिली. आणि त्यावरील खेळ न अडखळता चालावेत, ही दुसरी. वरवर पाहता या दोन अपेक्षांत कोणताही विरोध नाही. प्रत्यक्षात मात्र दोघींनाही एकाच शिध्यावर भागवावे लागते. यंत्रातील प्रोसेसर एक, रॅम एक आणि बॅटरीही एकच. मेन्यूने त्यातील जेवढा वाटा उचलला, तेवढा खेळासाठी कमी उरतो.

ही वाटणी यंत्र बाजारात येण्यापूर्वीच ठरते आणि तिचे बरेवाईट परिणाम ग्राहकाला पुढील पाच-सहा वर्षे भोगावे लागतात. म्हणूनच गेल्या साडेतीन दशकांत कोणत्या कंपनीने ही वाटणी कशी केली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

वाटणी कशाची?

पडद्यावर हालचाल सलग दिसावी यासाठी अनेक खेळ सेकंदाला ६० चित्रे रेखाटतात. म्हणजे एका चित्रासाठी प्रोसेसरला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाला ३० चित्रे रेखाटणाऱ्या खेळात हा अवधी सुमारे ३३ मिलिसेकंद असतो. याच अवधीत मागच्या बाजूला वायफाय सांभाळणे, मित्र ऑनलाइन आल्याची सूचना देणे, नवा खेळ उतरवून घेणे ही कामेही व्हावी लागतात. खेळ मध्येच थांबवून मेन्यूवर यायचे असेल, तर मेन्यूची चित्रे व आवाजही रॅममध्ये तयार हवेत.

टेबलावरील संगणकात रॅम वाढविता येते. हँडहेल्डमध्ये ती सोय सहसा नसते. शिवाय यंत्र तळहातावर असल्याने ते फार तापून चालत नाही आणि बॅटरी मोठी केली की वजन वाढते.

या वाटणीचा आणखी एक नियम आहे. सिस्टीमसाठी राखून ठेवलेला वाटा पुढे खेळांना देता येतो. पण एकदा खेळांना दिलेला वाटा परत घेता येत नाही. विकले गेलेले खेळ तेवढी रॅम मिळेल असे गृहीत धरून तयार झालेले असतात. त्यामुळे कंपन्या सुरुवातीला हात राखून वाढतात आणि अंदाज आल्यावर मूठ सैल करतात.

मेन्यूविना सुरुवात

निन्तेन्दोचा 'गेम बॉय' १९८९ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये विक्रीस आला. त्याची कामाची रॅम ८ किलोबाइट, चित्रांसाठीची रॅम आणखी ८ किलोबाइट आणि पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, तोही केवळ चार छटांचा. या यंत्रात मेन्यू नव्हताच. सुरू होताना जो प्रोग्रॅम चालत असे, तो अवघ्या २५६ बाइटचा होता. तो कंपनीचे नाव पडद्यावर वरून खाली सरकवत असे, कार्ट्रिजमधील नावाशी ते जुळते का हे तपासत असे आणि सारी सूत्रे खेळाच्या हाती देऊन बाजूला होत असे.

यंत्राचे रचनाकार गुनपेई योकोई यांचा भर जुन्या, स्वस्त व पक्क्या तंत्रज्ञानातून नवे काही घडविण्यावर होता. रंगीत पडद्याची अटारी लिंक्स (१९८९) आणि सेगा गेम गिअर (१९९०) ही प्रतिस्पर्धी यंत्रे दिसायला अधिक आकर्षक होती. पण गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. चार सेलवर कितीतरी अधिक काळ चालणारा, रंगहीन गेम बॉय बाजारात टिकला. त्याची व नंतरच्या 'गेम बॉय कलर'ची मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली.

मेन्यू येतो, वाटा मागतो

२००४ च्या अखेरीस दोन यंत्रे आली आणि हँडहेल्डला खऱ्या अर्थाने मेन्यू मिळाला. निन्तेन्दो डीएसने तो अगदी जुजबी ठेवला. कोणता खेळ सुरू करायचा, जवळच्या मित्राशी चित्रसंवाद साधायचा की घड्याळ लावायचे, एवढेच पर्याय. सेटिंग बदलले की यंत्र बंद करूनच पुन्हा सुरू करावे लागे. हा मेन्यू देखणा खचितच नव्हता. परंतु खेळ सुरू झाल्यावर तो पूर्णपणे नाहीसा होई आणि ४ मेगाबाइट मुख्य रॅम खेळाच्या उपयोगी पडे.

सोनीच्या पीएसपीने नेमका उलटा मार्ग धरला. आडव्या पट्टीवर छायाचित्रे, संगीत, चित्रपट व खेळ यांची चिन्हे आणि प्रत्येकाखाली उभी यादी, अशी तिची रचना त्या काळी डोळ्यांत भरणारी होती. हा डौल फुकट नव्हता. यंत्रातील ३२ मेगाबाइट रॅमपैकी ८ मेगाबाइट सिस्टीमसाठी राखीव होती आणि खेळाला २४ मेगाबाइट मिळत. ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकणारा प्रोसेसरही बॅटरी वाचविण्यासाठी खेळांकरिता २२२ मेगाहर्ट्झवर बांधून ठेवला होता. एवढे करूनही खेळ चालू असताना होम बटण दाबले, तर खेळ बंद करायचा का, एवढाच प्रश्न समोर येई. खेळ थांबवून ठेवून इंटरनेट पाहण्याची सोय नव्हती.

२००७ मध्ये सोनीने प्रोसेसरवरील मर्यादा उठविली आणि २००८ मधील 'गॉड ऑफ वॉर : चेन्स ऑफ ऑलिम्पस' या खेळाने त्या वाढीव वेगाचा पुरेपूर लाभ घेतला. त्याच सुमारास आलेल्या पीएसपी-२००० मध्ये रॅम दुप्पट, म्हणजे ६४ मेगाबाइट झाली. त्या वाढीव रॅमवर स्काइपसारखी सोय आली; पहिल्या पीएसपीच्या मालकांना ती मिळाली नाही. राखून ठेवलेला वेग सर्वांना देता आला, पण मुळात नसलेली रॅम कोठून देणार?

थ्रीडीएसचा धडा

या ओढाताणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे निन्तेन्दो थ्रीडीएस. २०११ च्या फेब्रुवारीत ते जपानमध्ये दाखल झाले. होम बटण दाबले की खेळ जागच्या जागी गोठत असे आणि मेन्यूतून मित्रयादी, टिपणवही, पुढे ब्राउझरही उघडता येत असे. पीएसपीला न जमलेली ही गोष्ट होती. तिची किंमत मात्र मोठी होती. १२८ मेगाबाइट रॅमपैकी सर्वसाधारण खेळाला ६४ मेगाबाइटच मिळत असे.

एवढे करूनही पहिले काही महिने निराशेचे गेले. ऑनलाइन दुकान आणि ब्राउझर जूनमध्ये आले आणि ओढ लावणारे खेळ मोजकेच होते. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील किंमत सुमारे २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणावी लागली. ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली होती, त्यांना २० जुने खेळ विनामूल्य देण्यात आले. वर्षअखेरीस 'सुपर मारिओ थ्रीडी लँड' आणि 'मारिओ कार्ट ७' आल्यानंतर यंत्राने उभारी धरली. किंमत कमी झाल्याचा हातभार त्याला होताच. मेन्यूवर फोल्डर एप्रिल २०१२ मध्ये आले, रंगीबेरंगी थीम तर ऑक्टोबर २०१४ मध्ये. म्हणजे यंत्र सावरले तेव्हा यातील एकही सजावट त्यावर नव्हती.

२०१४ मध्येच 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा खेळ आला. त्याची भूक मोठी होती. मूळ थ्रीडीएसवर हा खेळ सुरू असताना ब्राउझर उघडता येत नसे आणि खेळ बंद केल्यावर यंत्र नव्याने सुरू होत असे. दुसऱ्या शब्दांत, सिस्टीमने आपली जागा रिकामी करून ती खेळाला दिली होती. त्याच वर्षी जपानमध्ये २५६ मेगाबाइट रॅमचा 'न्यू थ्रीडीएस' आला आणि २०१५ मधील 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी' केवळ त्याच्यावरच चालत असे. जुन्या यंत्राच्या मालकांपुढे नवे यंत्र घेणे किंवा तो खेळ सोडून देणे, असे दोनच मार्ग उरले.

देखणेपण एकटे पुरत नाही

सोनीचा पीएस व्हिटा २०११ च्या डिसेंबरात आला, तेव्हा त्याच्या तोडीचे देखणे यंत्र बाजारात नव्हते. पाच इंची ओलेड स्पर्शपडदा, ५१२ मेगाबाइट रॅम आणि चित्रांसाठी आणखी १२८ मेगाबाइट. प्रत्येक खेळाचे चिन्ह गोल बुडबुड्यासारखे, प्रत्येकाचे स्वतंत्र पान आणि ते पान कागदासारखे सोलून काढले की खेळ बंद. स्मार्टफोनच्या युगाला साजेसा असा हा मेन्यू होता.

तथापि यंत्राला लागणारी मेमरी कार्डे खास सोनीचीच व महागडी होती आणि मोठे खेळ हळूहळू आटत गेले. २०१५ मध्ये सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंत व्हिटासाठी नवा खेळ तयार होत नसल्याचे स्पष्ट झाले आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबले. सोलण्याजोगी पाने होती, पण त्यांवर मांडायला खेळ उरले नव्हते.

स्विचचा संयम

मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्तेन्दो स्विचने व्हिटा व थ्रीडीएस या दोहोंपासून बोध घेतलेला दिसतो. मेन्यूवर अलीकडच्या बारा खेळांची एकच रांग, खाली काही गोल चिन्हे आणि रंगाचे दोनच पर्याय, पांढरा किंवा काळा. पार्श्वसंगीत नाही, सजावट नाही. ४ गीगाबाइट रॅमपैकी सुमारे ३.२ गीगाबाइट आणि प्रोसेसरच्या चार गाभ्यांपैकी तीन खेळाच्या वाट्याला आले. यंत्र झोपेतून उठवले की काही क्षणांत खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. पहिल्याच दिवशी 'द लीजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' सोबतीला होता. स्विचची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

या संयमाची दुसरी बाजूही आहे. खेळांचे गट करण्याची साधी सोय मिळायला मार्च २०२२ उजाडले. ज्यांच्याकडे शंभर खेळ होते, त्यांना पाच वर्षे लांबलचक यादीतून बोट फिरवावे लागले. मेन्यूवर कमी खर्च करणे म्हणजे ग्राहकाच्या सोयीवर कमी खर्च करणे नव्हे, हा भेद येथे निसटला.

जून २०२५ मधील स्विच २ मध्ये रॅम १२ गीगाबाइट झाली. त्यातील ३ गीगाबाइट सिस्टीमसाठी राखीव आहे. खेळता खेळता मित्रांशी बोलण्याची व त्यांना पाहण्याची 'गेमचॅट' ही सोय त्यात आहे. मूळ स्विचच्या संपूर्ण रॅमच्या पाऊणपट जागा आता एकटी सिस्टीम राखून ठेवते.

संगणक हातात येतो तेव्हा

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. तो मुळात लिनक्सवर चालणारा संगणक. पण सुरू होताच संगणकाचा डेस्कटॉप न दाखवता खेळांचाच पडदा दाखवतो. त्यातील एक सोय विशेष उल्लेखनीय आहे. खेळ चालू असताना बाजूची पट्टी उघडून सेकंदाला किती चित्रे हवीत, प्रोसेसरने किती वीज खर्चावी, हे खेळणाऱ्यालाच ठरविता येते. कंपनीने बॅटरी २ ते ८ तास चालेल असे सांगितले होते. त्यातील दोन की आठ, हे बऱ्याच अंशी या पट्टीवरून ठरते. वाटणीचा अधिकार काही प्रमाणात ग्राहकाकडे सोपविणारा हा मेन्यू आहे.

याउलट जून २०२३ मध्ये आलेल्या असूसच्या आरओजी अलायवर विंडोज ११ होते. माउससाठी घडवलेली बारीक बटणे सात इंची पडद्यावर बोटाने दाबणे जिकिरीचे होते. ऑक्टोबर २०२५ मधील आरओजी एक्सबॉक्स अलायमध्ये मायक्रोसॉफ्टने यंत्र थेट खेळांच्या पडद्यावर सुरू होईल अशी व्यवस्था केली आणि डेस्कटॉपचे अनेक भाग उघडलेच नाहीत. त्यामुळे २ गीगाबाइटपर्यंत रॅम मोकळी होते, असा कंपनीचा दावा आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

जाहिरातीत रॅम व साठवण यांचे एकूण आकडे असतात. खेळासाठी किती उरते, हे विचारणे अगत्याचे. मूळ स्विचवर ३२ गीगाबाइट लिहिलेले असले, तरी वापरायला सुमारे २५.९ गीगाबाइट मिळत. 'टिअर्स ऑफ द किंगडम' हा एक खेळ त्यातील सुमारे १६ गीगाबाइट घेतो.

दुसरी बाब झोपेची. प्रवासात वा कामाच्या मधल्या वेळेत खेळणाऱ्याला थीमपेक्षा यंत्र किती लवकर थांबते आणि पुन्हा सुरू होते, हे अधिक महत्त्वाचे. तिसरी बाब अक्षरांची. दुकानात मेन्यूबरोबरच एखाद्या खेळातील मजकूर वाचून पाहावा. लहान पडद्यावर तो डोळ्यांना त्रासदायक ठरू शकतो. चौथी बाब आयुष्याची. जुने यंत्र घेताना त्याचे ऑनलाइन दुकान सुरू आहे का, हे पाहावे. थ्रीडीएसच्या दुकानातील खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. मेन्यूवर दुकानाचे चिन्ह दिसले, तरी तेथून आता नवा खेळ विकत घेता येत नाही.

मेन्यूवर ग्राहक क्षणभर थांबतो, खेळात तासन् तास रमतो. म्हणून मोठा वाटा खेळाचाच असायला हवा. परंतु त्या क्षणाची हेळसांड झाली, तर ती यंत्र उघडताना दररोज जाणवते. चटकन समोर येणारा, हवे ते हाती देणारा आणि काम होताच बाजूला सरणारा मेन्यू हाच हँडहेल्डसाठी देखणा मेन्यू होय.