मानखुर्दची खाडी आणि तिची बोली

कोळी-आगरी बोली वाचवायच्या म्हटलं की ध्वनिमुद्रणं करा, कोश काढा, असा सल्ला हमखास मिळतो. मुंबईतल्या मानखुर्दचा इतिहास पाहता तो अपुरा वाटतो. ब्रिटिशकालीन भाषा-अभ्यासक ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात या बोलींचे नमुने 1905 सालीच छापले गेले. मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा पुणेकर यांचा ग्रंथ 1959 सालचा. म्हणजे नोंदी होत्याच. गेला तो खाडीकाठ. 1927 साली शेजारच्या देवनारला कचराभूमी आली, 1954-55 मध्ये ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने, लगोलग अणुऊर्जा केंद्र, आणि 1956 साली तिथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. 1973 साली वाशीचा पूल झाला. देशाला या गोष्टी हव्या होत्या, हे मान्यच. पण पाग (फेकजाळं) टाकायला किंवा निवट्या (चिखलातले मासे) पकडायला बापाबरोबर चिखलात उतरणारं पोर भांगाची भरती कधी, उधाणाची कधी, कुठल्या पाण्याला कोणतं जाळं, हे सगळं बोलीतूनच शिकत होतं. मासळी घटली, मुलगा नोकरीला लागला, की ही शिकवणी बंद पडते. नोकरीच्या ठिकाणी बोलीतल्यासारखा ‘ळ’चा ‘ल’ करणाऱ्याला हसतात, हे निराळंच.

यावर कुणी म्हणेल, हळदीच्या रात्री कोळीगीतांशिवाय पान हलत नाही, मग बोली मरते कशी? गाणी जोरात आहेत, खरंच; पण त्यांत नाखवा, होडी, दर्या आणि प्रेम एवढ्यावर भागतं. गाळाचे प्रकार आणि पाण्याचे वेळापत्रक डीजेवर वाजत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही मराठीच, तिला वेगळं काय वाचवायचं? जनगणनाही तिला मराठीच्याच आकड्यात धरते. मराठीच, हे कबूल. मात्र 2024 साली अभिजात ठरलेल्या भाषेने आपल्याच किनाऱ्यावरचे शब्द अशुद्ध म्हणून शाळेबाहेर ठेवावेत, हे तर्कात बसत नाही. पालक प्रमाण मराठी किंवा इंग्रजी निवडतात, त्यात त्यांची चूक नाही. घरच्या बोलीवर पोट भरेल अशी सोयच उरलेली नाही.

मग करायचं काय? 2022 साली याच ठाणे खाडीला महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. तिथे रोहित पक्ष्यांची मोजणी होते, ती व्हावीच. खाडीत गाळ कुठे चढला, कोणती मासळी कधीपासून दिसेनाशी झाली, हे ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत विचारून त्याच दप्तरात नोंदवायला हवं, आणि या कामाचा मोबदला त्यांना मिळायला हवा.