कंपाइल एरर (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बांधताना)

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उतरवून ते आपल्याच संगणकावर बांधताना काम मध्येच अडते आणि पडद्यावर जे संदेश येतात, त्यांना ढोबळपणे कंपाइल एरर म्हणतात. कोड लिहिणाऱ्याची चूक त्यांत क्वचितच असते. बहुतेक वेळा एखादी फाइल संगणकावर नसते, नाहीतर कोड जुना आणि कंपायलर नवा असतो.

खानदेशातील पार्श्वभूमी : १९८३ साली राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि बांभोरी, फैजपूर येथे ती निघाली. जळगावचे शासकीय महाविद्यालय १९९६ चे, तर शिरपूरचे आर. सी. पटेल २००१ चे. राज्यात इतरत्र झाली तशी इथल्याही एका मोठ्या पिढीची सी भाषेशी ओळख टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झाली. बोरलँडचा टर्बो सी आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हे दोन्ही कंपायलर १९८७ चे. टर्बो सी डॉसबरोबर थांबला; ६४ बिटच्या विंडोजवर तो डॉसबॉक्ससारख्या सोयीनेच चालतो. जीसीसीची नवी मुख्य आवृत्ती मात्र आता दरवर्षी येते. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधला प्रोग्राम लिनक्सवर नेला की पहिल्याच ओळीला ‘कॉनिओ.एच : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे उत्तर मिळते. ती ओळ काढली तर ‘क्लिअरस्क्रीन’चे फंक्शन सापडत नाही. सी++ मध्ये ‘आयओस्ट्रीम.एच’ चालत नाही, कारण १९९८ च्या प्रमाणकाने ‘.एच’शिवायचे नाव ठरवले. ‘व्हॉइड मेन’ तर तिथे सरळ नाकारले जाते. याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. डॉसची सोय म्हणजेच सी भाषा असे शिकवले गेले, त्याचा हा परिणाम.

प्रकार : हेडर सापडत नसेल तर लायब्ररीचे विकासक-पॅकेज बसवलेले नसते. उबुंटू व डेबियनमध्ये त्याच्या नावाला शेवटी ‘-डेव्ह’ असते, फेडोरात ‘-डेव्हेल’. नुसती लायब्ररी बसवून भागत नाही, आणि नवखे नेमके इथेच अडकतात. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरचा असतो, म्हणजे कंपाइल होऊन गेलेले असते. वर्गमुळाच्या फंक्शनसाठी ‘-एलएम’ द्यायचे राहून जाणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ते आदेशात कोडच्या फाइलनंतर लिहावे लागते.

कंपायलर कडक होत गेल्यानेही काल बांधले गेलेले पॅकेज आज अडते. जीसीसी १० (२०२०) पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत ‘एक्सटर्न’शिवाय नुसते घोषित केले तरी ‘मल्टिपल डेफिनिशन’ येते. घोषित न केलेले फंक्शन वापरण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकानेच काढली होती. तरी जीसीसी पुढे पंचवीस वर्षे फार तर इशारा देऊन सोडून देत होता. जीसीसी १४ ने (२०२४) त्याची एरर केली. जीसीसी १५ (२०२५) सी२३ हे प्रमाणक गृहीत धरतो, म्हणून जुना कोड बांधताना ‘-एसटीडी=जीएनयू१७’ द्यावे लागू शकते. असे पर्याय तात्पुरतेच समजावेत. आधी पॅकेजची ताजी आवृत्ती पाहावी.

निवारण : शेवटची ‘एरर २’ ही ओळ केवळ ‘मेक’ या बांधणीच्या साधनाने काम सोडल्याची नोंद असते. कारण वर, पहिल्या एररमध्ये असते. खालच्या पन्नास ओळी बहुधा तिचीच पिल्ले. अनेक कामे एकदम चालू असतील तर संदेशांची सरमिसळ होते, म्हणून ‘मेक -जे१’ने पुन्हा चालवावे. बांधणीआधीची ‘कॉन्फिगर’ ही तपासणीच थांबली असेल तर ‘कॉन्फिग.लॉग’ उघडावा. डेबियन-उबुंटूत ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ने लागणारी बहुतेक पॅकेजे एका आदेशात येतात, मात्र त्याआधी सोर्सच्या रेपॉझिटरी चालू असाव्या लागतात. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तर मेक गोंधळतो. चार जीबी मेमरीच्या लॅबमधल्या संगणकावर मोठे सी++ पॅकेज बांधताना ‘किल्ड’ हा शब्द असलेला संदेश येऊ शकतो. तिथे कोडमध्ये शोधण्यासारखे काही नसते, मेमरी संपलेली असते. कामांची संख्या कमी करावी.

जीसीसीचे संदेश मराठीत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सी व सी++ चे पाठ मराठीत आहेत, आणि त्यांत नेहमीच्या एरर मुद्दाम करून दाखवल्या आहेत. मदत मागताना पडद्याच्या तळाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नये. पहिल्या एररपासूनचा पूर्ण मजकूर, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेला आदेश ही तिन्ही पाठवावीत.