महामार्ग रुंद करावेत की बससेवा वाढवावी?

वाहतूक कोंडी वाढली की रस्ता रुंद करण्याचा उपाय सर्वप्रथम सुचतो. तो कितपत टिकतो, याचे उदाहरण गोव्यात मांडवीवरच आहे. येथील पहिला पूल १९७० साली झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यानंतर १९९२ मध्ये नवा पूल आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘अटल सेतू’ खुला झाला. तरीही पणजीच्या प्रवेशद्वारांवरील रांगा संपलेल्या नाहीत.

हे पूल अनावश्यक होते, असे नव्हे. पहिला पूल पडल्यावर प्रवाशांना पुन्हा फेरीबोटीची वाट धरावी लागली होती. मालवाहतूक, रुग्णवाहिका आणि बस यांनाही सुस्थितीतील रस्ता लागतोच. प्रश्न आहे तो केवळ खासगी वाहनांसाठी मार्गिका वाढवत राहण्याचा.

अर्थतज्ज्ञ जाईल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी शहरांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. आंतरराज्य महामार्गांची लांबी वाढते, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते, असे त्यांना आढळले. मोकळा रस्ता दिसला की टाळलेले प्रवास सुरू होतात, माणसे दूरवर घरे घेतात आणि मोकळीक भरून जाते. मात्र याच अभ्यासानुसार सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही रस्त्यावरील वाहने घटत नाहीत. एकाने सोडलेली जागा दुसरा घेतो. म्हणूनच सिंगापूरने १९७५ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क आकारले आणि त्याला सार्वजनिक वाहतुकीची जोड दिली.

मग बससेवेवर खर्च का करावा? कारण तिचे मोजमाप कोंडीने नव्हे, तर किती माणसे पोहोचली यावरून व्हायला हवे. चाळीस प्रवाशांची बस रस्त्यावर दोन-तीन मोटारींइतकीच जागा व्यापते. १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाच्या पणजी–मडगाव आणि पणजी–वास्को शटल फेऱ्यांनी नियमित सेवेला प्रवासी लाभतात, हे दाखवून दिले आहे. उणीव आहे ती मुख्य मार्ग सोडून आत गेल्यावर. अनेक गावांत सायंकाळनंतर बस मिळणे दुरापास्त होते. वाहन नसलेला विद्यार्थी, वृद्ध किंवा उशिरा सुटणारा हॉटेल कामगार यांच्यासाठी महामार्ग चौपदरी आहे की सहापदरी, याने फरक पडत नाही. शेवटची बस किती वाजता सुटते, याने पडतो.