डिपार्टमेंट डिनर, १९१६

मागच्या शनिवारी आमच्या डिपार्टमेंटचं जेवण झालं. पास आऊट होऊन सात वर्षं झाली, आणि 'एकदा भेटायला पाहिजे राव' हे वाक्य त्या सात वर्षांत निदान सातशे वेळा म्हणून झालं होतं. शेवटी एचओडी सर रिटायर होणार म्हटल्यावर मंडळी हलली. कोणी बंगलोरहून आलं, कोणी ऑनसाईटवरून सुट्टीवर आलेलं. एकाचं पोट सुटलंय, दोघांचे केस गेलेत (त्यातला एक मी).

लॉनवर बुफे होता. भाषणं झाल्यावर आम्ही दहा-बारा जण प्लेटा घेऊन गवतावरच गोल करून बसलो, थेट मेससारखे. मग एकाच्या ताटातला गुलाबजाम दुसऱ्याने पळवणं, रविवारी रात्री मेस बंद असायची तेव्हा चौघांत दोन अंडाभुर्जी कशा पुरवायचो त्याच्या आठवणी, वगैरे वगैरे. मजा आली.

त्या गोलात मास्तरही होता. खरं नाव सांगत नाही, पण सगळे त्याला मास्तरच म्हणायचे, कारण अर्ध्या हॉस्टेलची एम-थ्री त्याच्यामुळे सुटली. त्यात मीही आलो. पण शनिवारी त्याच्याशी 'काय म्हणतोस', 'मजेत', 'तू?' याच्या पुढे माझी गाडी जाईना. का ते सांगतो. पण त्याआधी मला दुसऱ्याच एका डिनरबद्दल सांगायचंय, जे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये झालं. तेही कॉलेजमधल्या मित्रांनीच दिलं होतं.

घरी आल्यावर झोप येईना म्हणून कपाटातून धनंजय कीरांनी लिहिलेलं आंबेडकर चरित्र काढलं. हे पुस्तक मास्तरचं. फेअरवेलच्या दिवशी त्याने मला वाचायला दिलं होतं, मी परतही केलं नाही आणि धड वाचलंही नाही.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा २२ वर्षांचे होते. म्हणजे आपण कॅम्पस इंटरव्ह्यूला टाय बांधायला शिकतो ते वय. सयाजीराव गायकवाडांनी दिलेली स्कॉलरशिप होती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. कोलंबिया युनिव्हर्सिटीत आल्यावर सुरुवातीला एका हॉस्टेलात काही दिवस काढले. तिथलं खाणं मानवेना म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचे रूम पार्टनर झाले. (लिव्हिंगस्टन हॉलचं नाव आता वॉलाक हॉल आहे.) खोली बदलणं, खाण्याला नावं ठेवणं, रूम पार्टनर मिळणं... आपल्या फर्स्ट इयरपेक्षा काय वेगळं?

वेगळं होतं ते आधीचं. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसायला घरून आणलेलं गोणपाट होतं, आणि तेही वर्गाच्या कोपऱ्यात. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई आला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. असा मुलगा न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवत होता, आणि त्याची जात कोणी विचारत नव्हतं. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय.

१९१५ मध्ये एमए झालं. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला आणि जूनमध्ये प्रबंध सादर केला. तेव्हा विद्याशाखेतल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी त्यांच्यासाठी खास जेवण ठेवलं, असं कीर सांगतात. चक्क डिपार्टमेंट डिनर! मेन्यू काय होता, कोण काय बोललं, कोणी कोणाची टर उडवली, काही माहीत नाही. चरित्रात जेमतेम एक-दोन ओळी आहेत. पण मी त्या ओळींवरच अडकलो, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं.

स्कॉलरशिपच्या करारात बडोद्याला नोकरी करायची अट होती. त्याप्रमाणे १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला गेले. वय २६. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, राहायचं कुठे? बडोद्यात त्यांचे काही मित्र होते, जे शिकायला अमेरिकेत आले होते. त्यांच्याकडे जावं का? पण आपल्याला घरात घ्यायचं म्हणजे त्यांची पंचाईत होईल, असं वाटून ते गेलेच नाहीत. आदल्या वर्षी ज्याच्यासाठी डिनर ठेवलं गेलं, तो माणूस स्टेशनवर उभा राहून हा विचार करतोय!

शेवटी त्यांना एका पारशी सराईत जागा मिळाली. तिथे फक्त पारशांनाच राहता यायचं, त्यामुळे वहीत पारशी नाव लिहायचं आणि दिवसाला दीड रुपया द्यायचा, असं रखवालदाराशी ठरलं. दहा दिवस निभावले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण, इथे कसा, सराई बाटवलीस. संध्याकाळपर्यंत चालता हो.

आता मात्र मित्रांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं त्यांचं छोटंसं आत्मकथन आहे, तासाभरात वाचून होतं. त्यात हा दिवस आहे. एक मित्र हिंदू, दुसरा ख्रिश्चन. हिंदू मित्राने सगळं ऐकलं, त्याला वाईट वाटलं, रागही आला. मग बोलता बोलता म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. बाबासाहेब काय ते समजले. दुसऱ्या मित्राने तर पूर्वी एकदा स्वतःहून राहायला बोलावलं होतं. तो म्हणाला, बायको उद्या येत्येय, तिला विचारावं लागेल. हे दोघं नवरा-बायको मूळचे ब्राह्मण घरातले. नवऱ्याचे विचार बदलले होते, बायकोचे नाही, हे बाबासाहेबांना नंतर कळलं.

त्या घरातून निघाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. लहान मुलाला आठवावेत तसे आई-वडील आठवले, असं ते लिहितात. रात्री आठला सामान घ्यायला सराईवर गेले तेव्हा रखवालदार बाहेर आला. दोघांनाही एक शब्द बोलता आला नाही.

हे वाचताना मला सगळ्यात जास्त कशाने धरलं असेल, तर काठ्यांनी नाही. काठीवाल्यांशी आपला काही संबंध नाही असं आपण म्हणू शकतो. पण 'विचारून सांगतो' म्हणणारा मित्र? त्यात वाईट माणूस कुठेच नाही. हिंदू मित्राला तर बाबासाहेबांनी उमद्या मनाचा म्हटलंय, आणि दोघांचीही नावं दिलेली नाहीत.

आता माझी गोष्ट. फायनल इयरला मी, मास्तर आणि अजून एक जण, आम्ही फ्लॅट घ्यायचं ठरवलं. फ्लॅट बघितला, भाडं ठरलं. घरमालक काकांनी गप्पांच्या ओघात प्रत्येकाला आडनाव आणि गाव विचारलं. दुसऱ्या दिवशी मला फोन. "तुम्ही दोघं या, पण तिसरा नको." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

मास्तर म्हणाला, "काय झालं रे फ्लॅटचं?"

मी म्हणालो, "बोलतो काकांशी. उद्या सांगतो."

तो उद्या आलाच नाही. आम्ही दोघं राहायला गेलो. मास्तरने हॉस्टेलची खोली सोडलेली होती, त्यामुळे तो अख्खं सेमिस्टर दुसऱ्याच्या खोलीत पॅरासाईट म्हणून राहिला. मेसमध्ये मात्र आम्ही रोज एकाच टेबलावर जेवत होतो. म्हणून मला वाटायचं की आपलं काही बिघडलेलं नाही.

नवल भथेनांचं आवर्जून सांगितलं पाहिजे. लंडनमधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब १९२० मध्ये परत निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती, आणि पाच हजार रुपये या जुन्या रूम पार्टनरने उसने दिले होते. त्या काळचे पाच हजार! एका पारशी सराईतून काठ्या दाखवून हाकलल्यावर तीनच वर्षांनी एक पारशी मित्र एवढी रक्कम काढून देतो. त्यामुळे समाज म्हणजे अमुकच, असं म्हणायची सोय राहत नाही. शेवटी त्या-त्या माणसाने काय केलं, एवढंच उरतं.

बाबासाहेबांनी कॉलेजवर राग धरला नाही. आपल्याला लाभलेले सगळ्यात चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले वर्गमित्र आणि प्राध्यापक, असं त्यांनी १९३० मध्ये तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात लिहिलं. ५ जून १९५२ ला कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. निबंध वाचणारा तो विद्यार्थी ३६ वर्षांनी राज्यघटनेचा शिल्पकार म्हणून कॅम्पसवर येत होता. वाटेत रोममध्ये कळलं की जॉन ड्युई गेले. ज्या सरांना भेटायची सगळ्यात जास्त ओढ होती, तेच. १ जूनला, पदवीदानाच्या चारच दिवस आधी. माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात ही हळहळ आहे.

कधी कधी भेटायला खरंच उशीर होतो.

असो. रविवारी सकाळी मी मास्तरला फोन केला. म्हटलं, तुझं पुस्तक माझ्याकडे आहे. म्हणाला, "माहितीये. वाचलंस का?" म्हटलं, काल वाचलं. मग फ्लॅटचं बोललो, जसं जमेल तसं. तो 'हं' म्हणाला, 'जाऊ दे' नाही म्हणाला. शेवटी मी म्हटलं, पुढच्या रविवारी घरी जेवायला ये, आईला सांगून ठेवतो, पुस्तकही घेऊन जा.

"बघतो रे," तो म्हणाला. "उद्या सांगतो."