पाटांचा समुद्र

उथळ समुद्राचा एक भाग बांध घालून तोडला, तर बांधाबाहेरच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी पूर्वीपेक्षा जास्त चढेल की कमी? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. 'आतली जागाच गेली, म्हणून पाणीही कमी येईल,' असे काही मुले म्हणतील. 'पुढे जायची वाट बंद, म्हणून जास्त चढेल,' असे दुसरी म्हणतील. नेदरलँड्समध्ये हा प्रश्न खरोखरच उभा राहिला, तेव्हा जाणकारांचेही एकमत नव्हते.

त्या देशाच्या उत्तरेला झायडरझी नावाचा उथळ उपसागर होता. जानेवारी १९१६ मधल्या वादळात त्याच्या काठचे बांध फुटले. १९१८ साली अभियंता आणि मंत्री कोर्नेलिस लेली यांच्या योजनेचा कायदा झाला. सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून हा उपसागर बंद करायचे ठरले. पण बांधाबाहेर वाडन समुद्र उरणार होता. तिथल्या गावांचे बांध किती उंच करायचे? अंदाज कमी पडला तर माणसे बुडणार, जास्त झाला तर पैसा वाया जाणार. उत्तर शोधायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते हेन्ड्रिक लोरेन्ट्झ, भौतिकशास्त्राचे १९०२ चे नोबेल मानकरी.

आम्हाला या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते ते समीकरण सोडवण्याआधीचे काम. वाडन समुद्रात खोल वाटा आहेत, ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे आहेत. हे सगळे जसेच्या तसे गणितात घेणे अशक्य होते. म्हणून समितीने समुद्राच्या जागी एकमेकांना जोडलेल्या पाटांचे जाळे कल्पिले. प्रत्येक पाटाला लांबी, रुंदी आणि खोली दिली. चिखलपट्ट्यांवर पाणी साठते, पण त्यांच्यावरून फारसे वाहत नाही. म्हणून साठवणीचे क्षेत्र आणि वाहण्याची रुंदी वेगवेगळी मोजावी लागते. बेटांमधून पाणी आत येते, तिथली भरती मोजमापांवरून घेतली.

अडचण घर्षणाची होती. तळाचे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि गणित किचकट होते. लोरेन्ट्झ यांनी त्याऐवजी वेगाच्या सरळ प्रमाणातले घर्षण घेतले. अट एकच होती: एका भरती-ओहोटीत खर्च होणारी ऊर्जा दोन्हींत सारखी हवी. पण त्यासाठी वेग आधी माहीत हवा, आणि वेगच तर काढायचा होता! म्हणून वेग अंदाजाने धरायचा, गणित करायचे, आलेल्या वेगाने पुन्हा करायचे. संगणक नसताना हे सारे चालले होते.

लगेच भविष्य वर्तवले मात्र नाही. आधी बांध नसलेल्या समुद्राचे गणित केले आणि ते प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले. ते जुळल्यावरच जाळ्यातून झायडरझी वगळला.

१९२६ च्या अहवालातले उत्तर होते: भरती वाढेल. कारण विद्यार्थ्यांनाही पडताळता येईल. खोली ५ मीटर धरली, तर भरतीच्या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर येतो. दोन भरत्यांमधला काळ १२ तास २५ मिनिटे. म्हणजे तरंगलांबी सुमारे ३१० किलोमीटर आणि तिचा पाव हिस्सा ७८ किलोमीटरच्या आसपास. पूर्वी लाट झायडरझीत दूरवर जाऊन घर्षणाने क्षीण होई. आता ती बांधावरून परतणार होती, आणि उरलेल्या खोऱ्याची लांबी पाव तरंगलांबीच्या बरीच जवळ येत होती. अनुनादाकडे झुकणारीच ही स्थिती.

अहवालानंतर बांधाचे पूर्वेकडचे टोक मूळ आराखड्यापेक्षा उत्तरेला सरकवण्यात आले. २८ मे १९३२ रोजी बांध पुरा झाला. भरती खरोखरच वाढली, जवळजवळ गणितात आली तशीच. हे पाहायला लोरेन्ट्झ नव्हते. १९२८ मध्येच ते वारले होते. १९५३ च्या भीषण वादळात देशाच्या नैर्ऋत्येला अनेक गावे बुडाली, पण हा बांध टिकला.

आज संगणक अशा समुद्राचे लाखो चौकोन करतो. तरीही प्रत्येक चौकोनाची खोली, तळाचा खडबडीतपणा आणि सीमेवरची भरती माणसालाच पुरवावी लागते. काय ठेवायचे, काय सोडायचे आणि ते आधी कशाशी ताडून पाहायचे, हे प्रश्न लोरेन्ट्झ यांच्या पाटांपासून तसेच चालत आले आहेत.