समुद्रकांठची वाट आणि वैनगंगेचें खोरें

समुद्राच्या कांठाकांठानें तीन-चार देश ओलांडून जाण्याचा बेत हल्लीं पुष्कळ हौशी मंडळी करितात. नकाशा पुढें घ्यावा, मुक्काम नेमावे, परवाने जमवावे, मोटारीची डागडुजी करून घ्यावी आणि एके दिवशीं पहाटे निघावें, एवढें केलें म्हणजे बेत पुरा झाला अशी सामान्य समजूत आहे. परंतु सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं आपल्या देशांत असाच एक बेत झाला, त्या वेळीं तो हौसेचा विषय नव्हता. त्यावर दोन-तीन राज्यांचें भवितव्य टांगलेलें होतें. १७८१ सालीं बंगालची फौज पूर्वकिनाऱ्यानें सुमारें अकराशें मैल चालत मद्रासेकडे गेली. या वाटेची किल्ली कलकत्त्यास नव्हती, मद्रासेसही नव्हती. ती समुद्रापासून शेंकडों मैल आंत, नागपुरास होती. आणि त्या हकीकतीचा एक धागा आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यांत, भंडारा जिल्ह्यांत, आजही पाहावयास सांपडतो. तीच हकीकत वाचकांपुढें मांडावी असा आमचा विचार आहे.

भंडारा हा खुष्कीचा जिल्हा. त्याचा समुद्राशीं काय संबंध, असें कोणासही वाटेल. शाळेंतील भूगोलानें आपल्या मनावर जिल्ह्यांच्या सीमा इतक्या ठळक काढून ठेविल्या आहेत कीं, त्या सीमांना छेदून जाणाऱ्या वाटा आपल्या दृष्टीस पडत नाहींत. वास्तविक या भागाचें तोंड फार प्राचीन काळापासून पूर्वेकडे आहे. छत्तीसगडांतील रतनपूर येथें कलचुरि राजा जाजल्लदेव याचा इ. स. १११४ चा शिलालेख सांपडला. त्यांत त्यास खंडणी देणाऱ्या मंडलांच्या नांवांत ‘भाणार’ हें नांव येतें, आणि तें भंडाऱ्याचेंच होय असें विद्वान मानतात. त्याच यादींत आंध्र-खिमिडीचें नांव आहे. तो मुलूख पूर्वसमुद्राच्या बाजूचा. म्हणजे नऊशें वर्षांपूर्वीं वैनगंगेचा कांठ आणि गंजामकडील डोंगर एकाच राजाच्या हिशेबांत बसत होते.

नागपूरकर भोंसल्यांच्या काळीं हा संबंध अधिक जवळचा झाला. बंगालवरील दहा वर्षांच्या स्वाऱ्यांनंतर १७५१ सालीं नबाब अलीवर्दीखानानें पहिल्या रघूजीशीं तह केला. त्या तहानें सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओरिसा भोंसल्यांच्या हातीं आला, आणि बंगालच्या चौथाईबद्दल सालीना बारा लाख रुपये देण्याचें ठरलें. तेव्हांपासून नागपूर आणि कटक हीं एका राज्याचीं दोन टोंकें झालीं. त्यांना जोडणारी एक वाट नागपुराहून निघून भंडाऱ्यास वैनगंगा ओलांडी, साकोली व देवरीच्या रानांतून छत्तीसगडांत उतरे, आणि पुढें महानदीच्या धोरणानें बारमूलच्या खिंडींतून कटकास पोहोंचे. १७९० सालीं लेकी नांवाचा इंग्रज गृहस्थ कटकाहून बोरासांबर, डोंगरगड व दक्षिणेकडील बंजारी घाट या मार्गानें नागपुरास आला. त्याचें प्रवासवृत्त छापलेलें आहे. घाटाचें हें नांवच पुष्कळ सांगून जातें. ज्या वाटेनें फौजा क्वचित् जात, त्या वाटेनें बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर गोण्या लादून दरसाल जात. किनाऱ्यावरचें मीठ याच तांड्यांनीं छत्तीसगडापर्यंत येई आणि तिकडील धान्य खालीं उतरे.

आतां समुद्रकांठच्या वाटेकडे वळूं. कांठची वाट सपाट असते, तींत घाट चढावे लागत नाहींत, हें खरें. परंतु घाटांचें संकट टळलें तरी नद्यांचें टळत नाहीं. आंतल्या मुलुखांतून जाणारा वाटसरू नदीस ती लहान असतांना ओलांडतो; कांठानें जाणाऱ्यास तीच नदी समुद्रास मिळण्याच्या वेळची, पसरलेली आणि फांट्याफांट्यांची भेटते. बंगालमधून दक्षिणेस निघालें म्हणजे सुवर्णरेखा, बुढाबलंग, वैतरणी, ब्राह्मणी, महानदी व तिचा फांटा काठजोडी. पुढें ऋषिकुल्या, वंशधारा, नागावली. मग गोदावरी व कृष्णा. आणि शेवटीं पेन्ना, एवढ्या नद्या एकीमागून एक आडव्या येतात. पावसाळ्यांत या वाटेचा विचारही करावयास नको. म्हणून मोठ्या प्रवासाचा आरंभ हिंवाळ्यांत करावा लागे.

नद्यांपेक्षांही अवघड होतीं तीं राज्यें. सुवर्णरेखेपर्यंत कंपनीचा बंगाल. तेथून बालासोर व कटक हा भोंसल्यांचा मुलूख, आणि त्यांत खुर्द्याच्या राजासारखे मांडलिक. चिल्का सरोवर मागें पडलें म्हणजे गंजामपासून उत्तर सरकार लागे. तेथें अंमल कंपनीचा, पण वाट ठिकठिकाणच्या जमीनदारांच्या हद्दींतून. कृष्णेच्या पलीकडे निजामाच्या घराण्याकडील गुंटूर, आणि त्यापुढें अर्काटच्या नबाबाचा कर्नाटक. येथें एका मुलुखानें नाहीं म्हटलें तर त्यास वळसा घालण्याची सोय नव्हती. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस पूर्वघाटाचें रान.

अशा वाटेनें फौज पाठविण्याची पाळी इंग्रजांवर आली ती १७८० सालीं. त्या वर्षीं पुणें, हैदराबाद, श्रीरंगपट्टण व नागपूर या चार दरबारांनीं मिळून इंग्रजांना चारी बाजूंनीं अडविण्याचा संकल्प केला. नाना फडणिसांच्या राजकारणांतील हा फार मोठा डाव होय. हैदरअल्ली जुलैमध्यें कर्नाटकांत उतरला, आणि १० सप्टेंबर रोजीं पोलिलूर येथें त्यानें बेलीची तुकडी नष्ट केली. वॉरन हेस्टिंग्जनें सर आयर कूट यास पैसा व थोडी फौज देऊन समुद्रमार्गानें मद्रासेस धाडलें. परंतु बंगाली शिपायांना समुद्रगमन धर्मबाह्य वाटे. ते जहाजावर पाय ठेवण्यास तयार नव्हते. तेव्हां त्यांना पायींच पाठविणें प्राप्त झालें, आणि पायीं जाणें म्हणजे भोंसल्यांच्या मुलुखांतून जाणें.

त्या मुलुखांत त्या वेळीं भोंसल्यांची मोठी फौज उतरलेली होती. चौघांच्या डावांत बंगालवर चालून जाण्याचें काम नागपूरकरांकडे होतें. मुधोजी भोंसल्यानें आपला मुलगा चिमणाजी यास सुमारें तीस हजार स्वारांनिशीं १७७९ च्या दसऱ्यास रवाना केलें. परंतु हें सैन्य कटकास पोहोंचलें तें पुढील मे महिन्यांत! इतका विलंब नद्यांमुळें झाला नव्हता. मुधोजीनें हेस्टिंग्जला आंतून कळविलें होतें कीं, पुण्याचा व हैदराबादचा संशय टाळण्यापुरती ही चाल आहे. इकडे मसलतीस मान हालवावयाची आणि तिकडे शत्रूशीं पत्रव्यवहार ठेवावयाचा, असें हें दुहेरी धोरण होतें. कटकास पावसाळा गेला. फौजेचा पगार थकला. स्वार कुरकुरूं लागले.

हेस्टिंग्जनें या संधीचा उपयोग केला. प्रथम त्यानें गुप्तपणें तीन लाख रुपये पाठविले आणि पुढें बोलणें चालू ठेविलें. कटकचा सुभेदार राजाराम पंडित हा या वाटाघाटींतला मुख्य मध्यस्थ होता. १७८१ च्या जानेवारींत कर्नल पीअर्स सुमारें पांच हजार शिपाई घेऊन मेदिनीपुराहून निघाला आणि बोलणीं चालू असतांनाच ओरिसांतून पुढें सरकला. ज्या तीस हजार स्वारांनीं ही वाट अडवावयाची, त्यांच्या छावणीजवळून या पलटणी बिनधोक गेल्या. एप्रिलमध्यें करार पक्का झाला. चिमणाजीस तेरा लाख रुपये मिळाले आणि आणखी दहा लाखांचें कर्ज देण्याचें ठरलें.

शत्रूनें सोडलें तरी वाटेनें पीअर्सला सोडलें नाहीं. मार्च महिन्यांत गंजामजवळ त्याच्या सैन्यांत पटकीची साथ शिरली आणि कांहीं दिवसांत शेंकडों शिपाई त्या किनाऱ्यावरच राहिले. उरलेले पुढें चालले. ऑगस्टच्या आरंभीं ते पुलिकतच्या बाजूस कूटला जाऊन मिळाले, आणि त्यानंतरच्या लढायांत त्यांचा त्यास मोठा उपयोग झाला. १७८५ सालीं ते बंगालमध्यें परतले, तेव्हां पांच हजारांपैकीं जेमतेम दोन हजार उरले होते. त्या मृतांत बहुतेक आपलेच देशबांधव होते, हें विसरतां कामा नये. ज्यांनीं धर्म राहावा म्हणून जहाज टाळलें, त्यांना किनाऱ्यावर मरण आलें.

या प्रकरणीं मुधोजीस दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तो दोष अगदीं निराधार नाहीं. हैदरास कूटशीं एकट्यानें झुंजावें लागलें, आणि नानांचा डाव एका बाजूनें उघडा पडला. तथापि न्याय करितांना दुसरी बाजूही ऐकावी. कंपनीनें १७६५ सालीं बंगालची दिवाणी घेतल्यावरही तहाप्रमाणें देणें असलेली चौथाई नागपुरास दिली नव्हती. म्हणजे जे तेरा लाख रुपये हेस्टिंग्जनें मोठ्या उदारपणें मोजले, ते कंपनीकडून येणें असलेल्या एका वर्षाच्या रकमेहून फारसे अधिक नव्हते! भोंसल्यांची खरी चूक पैसा घेण्यांत नव्हती. ज्या वाटेचें मोल एका संबंध इलाख्याएवढें, ती वाट त्यांनीं एका वर्षाच्या वसुलाच्या भावानें मोकळी केली, ही ती चूक होय. कलकत्ता व मद्रास यांच्यामध्यें आपला मुलूख आहे, याचा अर्थ नागपुरापेक्षां कलकत्त्यास अधिक चांगला कळला होता.

तो अर्थ पुढें बावीस वर्षांनीं उघड झाला. १८०३ सालीं दुसऱ्या रघूजीशीं युद्ध जुंपतांच कर्नल हारकोर्ट गंजामहून त्याच समुद्रकांठच्या वाटेनें उलट उत्तरेस निघाला. चिल्क्याच्या मुखाशीं माळूदचा जहागीरदार फत्तेमहंमद यास त्यानें वश करून घेतलें, आणि तेथील अडचणीची वाट सुकर झाली. १८ सप्टेंबरला पुरी पडली. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला गेला. नोव्हेंबरांत बारमूलची खिंडही गेली. तिकडे अडगांव आणि गाविलगड येथें पराभव झाल्यावर १७ डिसेंबर रोजीं देवगांवचा तह होऊन कटक व बालासोर हे प्रांत कायमचे सुटले. बंगालपासून मद्रासपर्यंतचा किनारा इंग्रजांचा अखंड झाला. आणि नागपूरकरांच्या राज्यांतून निघालेला जगन्नाथाचा यात्रेकरू कालपर्यंत आपल्याच राजाच्या अंमलांत देवदर्शनास जात होता, तो आतां परमुलखांतला वाटसरू ठरला.

समुद्र गेला, तेरा लाख तर पगारांत केव्हांच वांटून गेले. मग या सर्व धांवपळींतून मागें उरलें काय? याचें उत्तर राजवाड्यांत शोधूं नये; तें भंडारा जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील पोवार समाजाविषयीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, भोंसल्यांच्या फौजेबरोबर या लोकांची एक तुकडी कटकच्या स्वारीवर गेली होती, आणि त्या चाकरीबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यांतील पडीक व जंगली जमीन त्यांना देण्यांत आली. त्यांनीं तें रान तोडलें, बांध घातले, पाणी अडविलें आणि धान पिकविला. भंडाऱ्याची तलावांचा जिल्हा म्हणून जी ख्याति आहे, तींत कोहळी समाजाप्रमाणें यांच्याही कष्टांचा वांटा आहे. पूर्वसमुद्राच्या वाटेनें गेलेल्या माणसांपैकीं ज्यांच्या हातीं कांहीं टिकाऊ लागलें, तीं हीं माणसें.

या दृष्टीनें पाहिलें असतां आपल्या जिल्ह्यांचे इतिहास कसे लिहावे, याविषयीं एक सूचना करावीशी वाटते. किल्ला कोणीं बांधला, देऊळ केव्हांचें, एवढ्यावर ते थांबतात. ते वाटांच्या अनुरोधानेंही लिहिले गेले पाहिजेत. भंडाऱ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आज पश्चिमेस सुरतेजवळील हजिरापासून पूर्वेस महानदीच्या मुखाशीं असलेल्या पारादीप बंदरापर्यंत पोहोंचतो. १९९९ सालीं जिल्ह्याचे दोन भाग होऊन देवरीची बाजू गोंदिया जिल्ह्यांत गेली. वाट मात्र तुटली नाहीं. या रस्त्यानें रायपुराकडे जाणारा प्रवासी कटकच्या जुन्या वाटेच्याच रोंखानें जात असतो.

आणि ज्या हौशी मंडळींस समुद्रकांठानें अनेक देशांचा प्रवास करावयाचा आहे, त्यांनीं तो अवश्य करावा. मात्र बेत आंखतांना नकाशावरील निळ्या रेघेबरोबर तिच्या आंतल्या बाजूचा मुलूखही पाहावा: तेथें कोणाचें राज्य होतें, वाट मोकळी ठेवण्याचें मोल कोणीं कोणास दिलें, आणि तें मोल शेवटीं कोणाच्या पदरांतून गेलें. कांठची वाट समुद्राची दिसते. ती मोकळी ठेवावी कीं अडवावी, हें पुष्कळदां तेथें ठरतें, जेथें लाटांचा आवाजही ऐकूं येत नाहीं.